बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा!

या पानावर सुताचे भाव, उधारीची वसुली, जीएसटीची कटकट यांवर नेहमीच चर्चा होते. आज आम्ही जरा वेगळ्या विषयावर चार शब्द लिहीत आहोत. विषय आहे जुन्या गाडीची बॅटरी आणि तिचे चार्जिंग. कापडवाल्याने बॅटरीवर का लिहावे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. आमच्यापैकी कितीतरी भावांचे दुकान आज चार चाकांवर आहे. आठवडे बाजारात जुनी व्हॅन किंवा टेम्पो उभा करायचा, मागचा दरवाजा उघडायचा, आत रॅक, वर दिवे, बाजूला पंखा आणि भोंगा. तागे, रेडीमेड, चादरी, बांगड्या, भांडी, अत्तर, सगळा धंदा त्या एका गाडीवर चालतो. गाडी बंद पडली की दुकान बंद, आणि बाजार काही दुसऱ्या दिवशी पुन्हा भरत नाही.

अशा गाडीवर दोन ओझी असतात. एक इंजिन सुरू करण्याचे, दुसरे दुकान चालवण्याचे. परदेशात लोक ज्या गाड्यांमध्ये राहतात, स्वयंपाक करतात आणि झोपतात, त्या मोटरहोममध्येही हीच रचना असते. एक बॅटरी इंजिनाची, दुसरी घराची, आणि दोन्हींना भरणारा अल्टरनेटर एकच. त्यामुळे जुन्या मोटरहोमवाल्याचे दुखणे आणि आमच्या फिरत्या दुकानवाल्याचे दुखणे अगदी एकसारखे आहे.

आमचा स्वतःचा अनुभव

आमची व्हॅन डिझेलची, वीस वर्षांहून जुनी. काही काळापूर्वी तिने आम्हाला फार छळले. संध्याकाळी बाजार उठला की गाडी सुरू होईना. शेजारचे कांदेवाले, चप्पलवाले धक्का मारायचे. बॅटरीवाल्याने बघितले आणि सांगितले, "शेठ, बॅटरी गेली." आम्ही नवी घेतली. चार महिने बरे गेले, मग पुन्हा तेच. दुसरीकडे गेलो तर तिथे सांगितले, "डायनामो कमजोर आहे." तो उतरवून भरून घेतला. पुढे दुसरीही बॅटरी बसली. एका रात्री राहुड घाटात हेडलाइट मेणबत्तीसारखे झाले. गाडीत सगळा माल आणि सोबत मुलगा. त्या रात्री आम्ही अल्लाहचे नाव घेत कशीबशी गाडी घरी आणली.

चौदा महिन्यांत दोन बॅटऱ्या आणि एक डायनामोची दुरुस्ती, एवढा खर्च होऊनही रोग जागच्या जागीच होता. शेवटी कोणीतरी एका वयस्कर उस्तादांचे नाव सांगितले. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. आधी मीटर काढला. इंजिन सुरू करायला लावले, हेडलाइट लावायला सांगितले. डायनामोच्या मागच्या नटावर 14.2 व्होल्ट, आणि बॅटरीवर मोजले तर फक्त 13.4. मधले 0.8 व्होल्ट वाटेतच गायब! त्यांनी ती वायर बोटाने चाचपत नेली. तिच्या टोकाला दाबून बसवलेली थिंबल आतून हिरवी पडलेली आणि सैल निघाली, वायरची कातडी तिथे काळी झालेली. डायनामो माल पाठवत होता, पण तो गोदामात पूर्ण पोहोचत नव्हता. बॅटरी रोज थोडी उपाशी राहायची आणि महिन्या-महिन्याने आतून मरायची. चार्जिंगचा लाल दिवा मात्र लागत नव्हता, कारण डायनामोचा काहीच कसूर नव्हता.

वीस मिनिटांत रोग सापडला. नवी वायर, नव्या थिंबल, काम संपले. पैसे विचारले तर उस्तादांनी फक्त सामानाचे पैसे सांगितले. आम्ही विचारले, "आणि आपली मेहनत?" तर म्हणाले, "नुसते बघण्याचे पैसे कोण देतो, शेठ?"

हे वाक्य आमच्या मनाला लागले. ज्यांनी चुकीचा माल गळ्यात मारला त्यांना आम्ही हजारो रुपये मुकाट्याने मोजले, आणि ज्याने खरा रोग पकडला त्याच्या अकलेची किंमत शून्य! आजचा लेख याच गोष्टीसाठी आहे.

मीटर म्हणजेही मापच

आम्ही कापडवाले मीटरपट्टीशिवाय ताग्याला हात लावत नाही. तागा चाळीस मीटरचा आहे असे कोणी म्हणाले म्हणून आम्ही मानत नाही, मोजून घेतो. मग बॅटरी गेली असे कोणी नुसते पाहून म्हणाले, तर ते का मानतो? विजेचा साधा मीटर काही शे रुपयांना मिळतो. तो गाडीत ठेवावा. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला त्यावरच्या इंग्रजी अक्षरांची आधी धास्ती वाटते, पण कामाची खूण एकच. डीसी व्होल्टच्या 20 च्या घरात काटा ठेवायचा, लाल तार बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला. दिसेल तो आकडा वाचायचा. एवढे ज्याला येते त्याला कोणी सहज फसवू शकत नाही.

खालचे आकडे 12 व्होल्टच्या साध्या शिसे-तेजाबाच्या बॅटरीचे आहेत. मोठ्या ट्रकला 24 व्होल्ट असतात, तिथे ते दुप्पट धरावेत.

एक. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी सुरू करण्याआधी मोजा. 12.6 ते 12.7 म्हणजे बॅटरी भरलेली. 12.2 च्या आसपास म्हणजे अर्धी. 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. बॅटरी भरलेली दिसते, पण सेल्फ मारताना आकडा 10 च्या बरेच खाली कोसळतो, तर बॅटरीवर संशय घ्यायला जागा आहे.

दोन. इंजिन सुरू करून थोडी रेस द्या. आकडा साधारण 13.8 ते 14.4 च्या दरम्यान हवा. 12.5 वर तसाच बसला किंवा खाली येत गेला तर चार्जिंग होत नाही. 15 च्या वर गेला तर कटआउट, म्हणजे रेग्युलेटर बिघडला आहे. मग बॅटरीचे पाणी लवकर आटते आणि बल्ब वारंवार उडतात. जुने डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की फारशा करंटशिवायही चालत राहते, त्यामुळे मोजल्याशिवाय चार्जिंग बंद असल्याचा पत्ताच लागत नाही.

तीन. चार्जिंग होत नसेल तर डायनामो उतरवण्याआधी पट्टा पाहा. अंगठ्याने दाबला तर साधारण अर्धा इंच दबावा. फार ढिला असेल, आतून काचेसारखा चकाकत असेल, किंवा गाडी सुरू करताना किंचाळत असेल, तर दोष तिथेच असू शकतो. मग चावी फिरवल्यावर चार्जिंगचा लाल दिवा लागतो का ते बघा. पुष्कळ जुन्या गाड्यांत त्या दिव्यातून जाणारा करंटच अल्टरनेटरला जागा करतो. तो छोटा बल्ब उडाला तर धडधाकट अल्टरनेटरही झोपून राहतो. त्यानंतर कार्बन झिजले आहेत का ते पाहावे. कार्बनची जोडी स्वस्त असते, पूर्ण अल्टरनेटर महाग असतो.

चार. डायनामोवर आकडा चांगला आणि बॅटरीवर कमी, असे असेल तर वाट तपासा. इंजिन चालू आणि दिवे लावलेले ठेवून मीटरची एक तार डायनामोच्या मागच्या नटावर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर लावा. 0.3 व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर वायर किंवा थिंबल खराब. तसेच डायनामोचे अंग आणि बॅटरीचे मायनस यांच्यामध्ये मोजा. 0.2 च्या वर गेले तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे किंवा तिच्याखाली रंग बसला आहे. पॉलिश पेपर आणि नट घट्ट करणे, एवढ्यावरही कित्येकदा काम भागते.

पाच. चार्जिंग उत्तम आहे, तरी दोन दिवस उभी राहिली की गाडी सुरू होत नाही, मग समजावे की कुठेतरी चोरी आहे. सगळे बंद करून, बॅटरीची मायनस वायर सुटी करून मीटर मध्ये जोडून गळणारा करंट मोजता येतो. मात्र मीटर अँपिअरच्या खुणेवर आणि तार अँपिअरच्या भोकात हवी, आणि मीटर जोडलेला असताना सेल्फ कधीही मारू नये. काही दहा मिलिअँपिअर चालतात. अर्धा अँपिअर गळत असेल तर दिवसाला 12 अँपिअर-तास गेले, पाच दिवसांत 60. बॅटरी संपली! एकेक फ्यूज काढत जावे, ज्या फ्यूजवर आकडा खाली येतो त्या लाइनमध्ये चोर. एकही फ्यूज काढून फरक पडला नाही तर अल्टरनेटरचा डायोड पाहावा, तोही रात्रभर बॅटरी पितो.

एक जुनी सवय सोडा

आमच्या कारागीर भावांना एक हात जोडून विनंती आहे. इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढून "गाडी बंद पडते का बघू" ही तपासणी कृपा करून थांबवा. खऱ्या डायनामोच्या जमान्यात ती खपून गेली असेल. अल्टरनेटरवर अशा वेळी व्होल्टेज एकदम उसळते आणि डायोड, रेग्युलेटर जळू शकतात. गाडी आली होती पाचशेच्या कामासाठी आणि गेली पाच हजारांचे काम घेऊन, असे होते. ठिणगीचाही धोका आहे, कारण चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो पेट घेतो.

दुकानाच्या बॅटरीचा जमाखर्च

आता दुसऱ्या बॅटरीकडे येऊ. इथे पुष्कळ वेळा बिघाड नसतोच, हिशेब चुकलेला असतो.

समजा गाडीत 10 वॅटचे सहा एलईडी दिवे आहेत. 60 वॅट म्हणजे 12 व्होल्टवर 5 अँपिअर. पंखा आणि भोंगा मिळून 3 अँपिअर धरू. चार तास दुकान चालले तर खर्च झाला 32 अँपिअर-तास. आता जमा पाहा. जुन्या अल्टरनेटरवर 45 अँपिअर लिहिलेले असले तरी गरम इंजिनात आणि कमी रेसवर तो तेवढे देत नाही. 30 ते 35 धरा. रात्रीच्या परतीत हेडलाइट आणि गाडीचा इतर खर्च साधारण 15. उरले 15 ते 20. तासाभराच्या परतीत जास्तीत जास्त तेवढेच जमा होणार, आणि बॅटरी जशी भरत येते तशी ती कमी कमी घेते. म्हणजे प्रत्येक बाजारात खात्यावर निदान बारा-पंधराची उधारी चढते. तीन-चार बाजारांत दिवाळे! यात ना डायनामोचा दोष, ना बॅटरीचा.

याला उपाय आहेत. घरी आल्यावर चांगल्या चार्जरवर रात्रभर लावावी. टपावर 100 वॅटचे सौर पॅनेल कंट्रोलरसह बसवले तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी 20 ते 25 अँपिअर-तास मिळू शकतात. साधी बॅटरी अर्ध्यापेक्षा जास्त रिकामी करू नये, आयुष्य वाढते.

दोन बॅटऱ्या नुसत्या एकमेकींना जोडून ठेवणे ही चूक फार दिसते. आमच्याही गाडीत तेच होते. दुकानाचे दिवे दोन्ही बॅटऱ्या पितात आणि शेवटी इंजिन सुरू करायलाच करंट राहत नाही. मध्ये रिले हवा, जो फक्त चार्जिंग चालू असतानाच दोघींना जोडील. शिवाय वायर जाड हवी. समोरची बॅटरी आणि मागची बॅटरी यांत पाच मीटर अंतर, जायची-यायची मिळून दहा मीटर तांब्याची वायर. ती 2.5 चौरस मिलिमीटरची असेल आणि 15 अँपिअर वाहत असतील तर वाटेतच सुमारे 1 व्होल्ट संपतो. 10 चौरस मिलिमीटरची घातली तर पाव व्होल्ट. सुताच्या काउंटची सवय असलेल्या भावांनी इथे ध्यानात ठेवावे की सुतात आकडा वाढला की धागा बारीक होतो, पण या मापात आकडा वाढला की वायर जाड होते. हल्ली लिथियमच्या बॅटऱ्याही आल्या आहेत, पण त्या जुन्या अल्टरनेटरला सरळ जोडू नयेत. त्या इतका करंट ओढतात की अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये त्यासाठीचा वेगळा डीसी चार्जर लागतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे फ्यूज. दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसला अगदी जवळ फ्यूज हवा. आमच्या गाड्यांत कापड भरलेले असते. एक वायर पत्र्याला घासून उघडी पडली आणि मध्ये फ्यूज नसला, तर गाडी, माल आणि आत झोपलेला पोरगा, सगळेच धोक्यात. आमची ती काळी पडलेली वायर आठवली की आजही अंगावर काटा येतो.

मेहनतीचा मोबदला कशाचा?

आता मुद्द्याची गोष्ट. मिस्त्री पार्ट का बदलतो? कारण पार्ट बदलला तरच त्याला पैसे मिळतात. तपासण्याचे पैसे आम्ही देत नाही. डॉक्टरला तपासणीची फी देतो, वकिलाला सल्ल्याची देतो, मिस्त्रीला मात्र सांगतो, "केले काय तुम्ही? एक वायर तर बदलली!" मग त्याने अर्धा तास डोके चालवून सैल थिंबल शोधावी, की पाच मिनिटांत बॅटरी बदलून कमिशन घ्यावे? चुकीचा रस्ता आम्हीच त्याला दाखवला आहे.

म्हणून व्यापारी भावांना आमचे सांगणे आहे की गाडी दाखवताना आधीच ठरवा, "उस्ताद, तपासणीचे इतके देऊ, रोग काहीही निघो." ते पैसे वाया जाणार नाहीत. एक चुकीची बॅटरी टळली तरी कित्येक तपासण्यांची मजुरी निघते.

आणि कारागीर भावांना सांगणे आहे की त्या पैशांचा हक्क दाखवा. गाडी आली की आधीचे आकडे चिठ्ठीवर लिहा, बंद गाडीचा, चालू गाडीचा, दिवे लावल्यावरचा. काम झाल्यावर तेच आकडे पुन्हा लिहा. बदललेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्या. दुकानात पाटी लावा, तपासणीची मजुरी इतकी. सुरुवातीला चार गिऱ्हाईक कुरकुर करतील, पण चिठ्ठी बघून तेच आणखी चौघांना घेऊन येतील. हाताखालच्या पोरांनाही नुसते पाने देऊ नका, मीटर हातात द्या. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. ज्याला शक्य आहे त्या पोराला तिकडे पाठवा. नजरेने आणि कानाने शिकलेला हुनर मोठा आहे, पण त्याला मापाची जोड नसेल तर पुढच्या गाड्यांपुढे तो टिकणार नाही.

कुरआन शरीफमध्ये मापात खोट करणाऱ्यांवर एक स्वतंत्र सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. आम्ही कापडवाले ती ऐकताना आपल्या मीटरपट्टीचा विचार करतो. आमच्या मते न मोजता "बॅटरी गेली" म्हणून सांगणे हीही मापातली खोटच आहे. आणि ज्याने बरोबर मोजले त्याची मजुरी बुडवणे ही खोट आमच्या पदरची आहे.

आम्ही दुसऱ्या दिवशी त्या उस्तादांकडे परत गेलो आणि वीस मिनिटांच्या तपासणीचे पैसे त्यांच्या हातात ठेवले. ते घेईनात. आम्ही म्हटले, "उस्ताद, हे वायरचे नाहीत, आम्हाला पुढची बॅटरी घ्यावी लागली नाही त्याचे आहेत." तेव्हा त्यांनी घेतले. व्हॅन आजही बाजाराला जाते, आणि सीटखाली मीटरपट्टीच्या शेजारी आता दुसराही मीटर असतो.

अल्लाह आपणा सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.